व्हिडिओचे थर आणि यंत्रांची बोलणी

व्हिडिओ कॉन्फरन्स ही आता शिक्षकांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. त्या वर्गांत एक गोष्ट आपल्या सर्वांच्याच लक्षात आली. पडद्यावर मुले शेजारी शेजारी दिसत असली, तरी ती आपल्यापर्यंत निरनिराळ्या वाटांनी आलेली असतात. एखाद्याच्या घरी फायबरची जोडणी असते, तर दुसरा मोबाइलला रेंज मिळावी म्हणून घरामागच्या टेकाडावर जाऊन बसलेला असतो. शिक्षकांचे चित्र मात्र एकच असते. ते किती स्पष्ट पाठवायचे? टेकाडावरच्या मुलाला झेपेल एवढेच पाठवले, तर फळ्यावरची अक्षरे कोणालाच वाचता येणार नाहीत. फायबरच्या मापाने पाठवले, तर तो मुलगा वर्गाबाहेर पडेल.

या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर तंत्रज्ञांनी शोधून ठेवले आहे. व्हिडिओ थराथरांनी बांधायचा आणि ज्याला जेवढे थर झेपतील तेवढेच त्याच्याकडे पोचवायचे. या पद्धतीला 'स्केलेबल व्हिडिओ कोडिंग' म्हणतात. पण हे उत्तराचे अर्धेच अंग झाले. थर कोणते आहेत, कोणता थर कोणावर अवलंबून आहे आणि कोणाला किती हवे आहेत, हे यंत्रांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय थरांचा काहीच उपयोग नाही. या सांगण्या-विचारण्याला 'सिग्नलिंग' म्हणतात. थर बांधण्याचे मानक २००७ साली तयार झाले. ही बोलणी कोणत्या भाषेत करायची हे ठरवण्याचे काम मात्र पुढे कित्येक वर्षे चालले. ते इतके अवघड का गेले, हे या लेखात पाहू.

एका चित्राचे ओझे

प्रथम थोडे गणित करू. समजा, आपल्या व्हिडिओत एका ओळीत १२८० चित्रबिंदू आणि अशा ७२० ओळी आहेत. म्हणजे एका चित्रात ९,२१,६०० बिंदू झाले. उजळपणा व रंग मिळून प्रत्येक बिंदूमागे सरासरी १२ बिट धरतात आणि सेकंदाला ३० चित्रे दाखवतात. गुणाकार केला, की सेकंदाला ३३,१७,७६,००० बिट येतात. तेहतीस कोटींहून अधिक! समजा, आपल्या जोडणीवरून सेकंदाला १५ लाख बिट जाऊ शकतात. तर हे ओझे सुमारे २२० पटींनी हलके करावे लागेल.

हे साधते कसे? शिक्षक बोलत असताना त्यांच्या मागची भिंत हलत नाही. मग प्रत्येक चित्रात ती भिंत पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रासाठी 'मागच्यापेक्षा काय बदलले' तेवढेच कळवायचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९० च्या 'एच.२६१' या मानकापासून आजपर्यंतच्या सर्व पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

या काटकसरीची एक किंमत मात्र द्यावी लागते. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या आधाराने उभे असते. मधले एखादे हरवले, तर त्यावर उभी असलेली पुढची सारी चित्रे बिघडतात. म्हणून वाटेतल्या एखाद्या संगणकाने 'या मुलाची जोडणी मंद आहे, तर निम्मी चित्रे टाकून देऊ' असे परस्पर ठरवून चालत नाही. वाळूच्या ढिगातून मूठभर वाळू काढणे वेगळे आणि उतरंडीतले मधले मडके काढणे वेगळे.

थर कसे रचतात?

मग उतरंड अशी रचता येईल का, की तिच्यातली ठरावीक मडकी काढली तरी बाकीची पडणार नाहीत? येते. १ ते ९ क्रमांकांची नऊ चित्रे घ्या. चित्र ५ हे १ वरून बांधा आणि ९ हे ५ वरून बांधा. १, ५, ९ हा झाला पायाचा थर. आता ३ हे १ वरून आणि ७ हे ५ वरून बांधा. हा दुसरा थर. उरलेल्यांपैकी २ हे १ वरून, ४ हे ३ वरून, ६ हे ५ वरून आणि ८ हे ७ वरून बांधा. हा तिसरा थर.

तिसऱ्या थरातल्या चित्रांवर दुसरे कोणीच उभे नाही, हे लक्षात घ्या. २, ४, ६, ८ ही चित्रे टाकून दिली, तरी उरलेली पाच शाबूत राहतात. वेग सेकंदाला ३० वरून १५ चित्रांवर येतो, इतकेच. दुसरा थरही काढला, तर सेकंदाला साडेसात चित्रे उरतात. हालचाल तुटक दिसेल, पण वर्ग सुरू राहील. यांना काळाचे थर म्हणू. प्रत्येक चित्र केवळ मागच्या चित्रांवरून बांधलेले असल्यामुळे पुढचे चित्र येण्याची वाट पाहावी लागत नाही. समोरासमोर बोलण्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रकार आकाराच्या थरांचा. पायाचा थर ३२० × १८० बिंदूंचा असतो. त्यावरचा थर ६४० × ३६० चा आणि सर्वांत वरचा १२८० × ७२० चा असतो. वरचा थर बांधताना खालचे लहान चित्र ताणून मोठे करतात आणि त्यात जो बारकावा कमी पडतो तेवढाच पाठवतात. तिसरा प्रकार गुणवत्तेच्या थरांचा. यात आकार तोच राहतो, पण प्रत्येक थराने चित्र अधिक रेखीव होत जाते.

ही कल्पना जुनी आहे. १९९० च्या दशकातल्या एमपीईजी-२ या मानकात आणि एच.२६३ च्या १९९८ सालच्या सुधारित आवृत्तीत थरांची सोय होती. परंतु तिचा वापर फारसा झाला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि आयएसओ-आयईसी यांच्या संयुक्त गटाने २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आणले. २००७ मध्ये त्याला 'परिशिष्ट जी' जोडले गेले. थरांची पद्धत खऱ्या अर्थाने व्यवहारात आली ती या परिशिष्टामुळे. रचना चांगली साधली, तर थरांमुळे येणारे जादा ओझे दहा टक्क्यांच्या आसपास ठेवता येते, असे तेव्हा दिसून आले.

मधला संगणक

अनेकांची व्हिडिओ कॉन्फरन्स सहसा मध्यस्थ संगणकामार्फत चालते. जुन्या पद्धतीत हा मध्यस्थ फार राबत असे. तो प्रत्येकाचा व्हिडिओ उलगडून पाही, सर्वांची चित्रे एका पडद्यावर मांडी आणि प्रत्येकाच्या जोडणीप्रमाणे ती पुन्हा बांधून पाठवी. यासाठी महागडी यंत्रे लागत आणि वेळही जाई. बोललेला शब्द दुसऱ्या टोकाला साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संवाद सहज वाटतो, असे दूरसंचार संघाची 'जी.११४' ही शिफारस सांगते. उलगडण्यात आणि पुन्हा बांधण्यात या तुटपुंज्या वेळेचा मोठा भाग खर्ची पडे.

थरांमुळे मध्यस्थाचे काम पोस्टातल्या वर्गवारीसारखे सोपे झाले. तो काहीच उलगडत नाही. आलेल्या पाकिटांपैकी कोणती कोणाकडे पाठवायची आणि कोणती थांबवायची, एवढेच तो पाहतो. अमेरिकेतील 'विड्यो' या कंपनीने २००८ साली अशा मध्यस्थावर आधारलेली व्यवस्था बाजारात आणली. पुढे हीच रीत सर्वत्र रूढ झाली.

वर्गवारी करायची, तर पाकिटावर खूण हवी. एच.२६४ च्या परिशिष्टात प्रत्येक वरच्या तुकड्याला तीन बाइटची जादा पट्टी जोडलेली असते. तीत आकाराच्या थराचा क्रमांक लिहायला ३ बिट, गुणवत्तेच्या थराला ४ बिट आणि काळाच्या थराला ३ बिट राखून ठेवले आहेत. म्हणजे अनुक्रमे ८, १६ आणि ८ क्रमांक लिहिता येतात. ज्या जुन्या यंत्राला थर ठाऊकच नाहीत, ते असे तुकडे अनोळखी म्हणून सोडून देते आणि पायाचा थर मात्र नेहमीसारखा दाखवते.

मग आणखी बोलणी कशाला?

येथे विद्यार्थी विचारतील, पाकिटावर क्रमांक आहे, तर आणखी काय ठरवायचे राहिले? रेल्वेचे उदाहरण घेऊ. डब्यांवर क्रमांक लिहिले, म्हणून गाडी सोडता येत नाही. पुढच्या स्टेशनाला आधी विचारावे लागते. तिकडून 'लाइन क्लिअर' मिळाल्यावरच गाडी निघते. पुढच्या फलाटाची लांबी किती, तिथे किती डबे मावतील, हे मागच्या स्टेशनाला माहीत असावे लागते. व्हिडिओच्या बाबतीतही अशा तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणाला काय झेपते, कोणता थर कोणत्या वाटेने येईल आणि वाटेत परिस्थिती बदलली तर काय करायचे.

पहिल्या गोष्टीसाठी इंटरनेटवर एक रीत होतीच. इंटरनेटचे तांत्रिक नियम आयईटीएफ ही संस्था ठरवते. तिच्या दस्तऐवजांना 'आरएफसी', म्हणजे 'अभिप्रायासाठी विनंती', असे विनम्र नाव आहे. त्यांतील १९९८ च्या एका दस्तऐवजाने संवादाचे वर्णन लिहिण्याचा नमुना दिला. त्याचे नाव एसडीपी. २००२ मध्ये आरएफसी ३२६४ ने 'प्रस्ताव आणि उत्तर' ही पद्धत घालून दिली. फोन करणारे यंत्र आपल्याला काय काय जमते त्याची यादी पाठवते. समोरचे यंत्र त्यातले आपल्याला जमणारे निवडून परत कळवते.

या यादीत एच.२६४ साठी सहा अंकांची एक संख्या असते. उदाहरणार्थ, '४२ई०१एफ'. ही संख्या सोळाच्या पायावर लिहिलेली आहे. दहावीतला विद्यार्थीही ती उलगडू शकेल. पहिले दोन अंक ४२, म्हणजे ४ × १६ + २ = ६६. हा एच.२६४ च्या सर्वांत साध्या प्रकाराचा क्रमांक आहे. शेवटचे दोन अंक १एफ, म्हणजे १ × १६ + १५ = ३१. याचा अर्थ पातळी ३.१. या पातळीचे यंत्र १२८० × ७२० ची चित्रे सेकंदाला ३० या वेगाने हाताळू शकते. मधले दोन अंक काही जादा अटी सांगतात. किती थोड्या जागेत किती मोठा करार!

थर आले, की हा करार अपुरा पडतो. थरांच्या प्रकारांना वेगळे क्रमांक आहेत, ८३ आणि ८६. ते तर कळवायचेच. शिवाय सर्व थर एकाच प्रवाहातून येणार, की प्रत्येक थर वेगळ्या प्रवाहातून? वेगळे आले, तर 'हा प्रवाह त्या प्रवाहावर अवलंबून आहे' हे लिहायचे कसे? एसडीपीच्या मूळ नमुन्यात प्रत्येक प्रवाह स्वतंत्र मानला होता. आवाज वेगळा, चित्र वेगळे. एकाशिवाय दुसरा निरर्थक ठरतो, असे नाते सांगायला त्यात शब्दच नव्हता. हा शब्द जुलै २००९ मध्ये आरएफसी ५५८३ ने दिला. मे २०११ मध्ये आरएफसी ६१९० आला. त्याचे लेखक होते स्टीफन वेंगर, ये-कुई वांग, थॉमस शिएर्ल आणि अलेक्झांद्रोस एलेफ्थेरियाडिस. थरांचा व्हिडिओ पाकिटांत कसा भरायचा आणि त्याची सूचना आधी कशी द्यायची, हे त्यात सांगितले आहे. थर बांधण्याचे मानक २००७ चे आणि ते पाठवण्याचे २०११ चे, म्हणजे मध्ये चार वर्षे गेली.

मानक पाळूनही अबोला

आता एक गमतीची, पण गंभीर अडचण पाहू. आरएफसी ६१९० मध्ये सर्व थर एका प्रवाहातून पाठवण्याची सोय आहे आणि अनेक प्रवाहांतून पाठवण्याचीही. अनेक प्रवाहांतून पाठवले, तर पाकिटे मागेपुढे पोचतात. त्यांचा क्रम पुन्हा लावण्याच्या चार निरनिराळ्या रीती त्यात दिल्या आहेत. त्यांत आकाराचे, गुणवत्तेचे आणि काळाचे थर किती घ्यायचे, याची मोकळीक मिळवा. एका कंपनीने एक निवड केली आणि दुसरीने दुसरी. दोघींनीही मानक तंतोतंत पाळले. तरीही दोघींची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, की थर बाजूला राहत आणि केवळ साधा व्हिडिओ चाले. कधी तोही चालत नसे.

मानक हे नेहमी तडजोडीतून जन्माला येते. प्रत्येकाच्या गरजेसाठी एकेक पर्याय जोडला, की बैठक लवकर संपते. पण पर्याय वाढले, की दोन यंत्रांची निवड जुळण्याची शक्यता घटते. चार रीतींपैकी एकेकच रीत जाणणारी दोन यंत्रे योगायोगाने समोरासमोर आली, आणि चारही रीती सारख्याच प्रमाणात वापरात असल्या, तर त्यांचे जुळण्याची शक्यता चारात एक. अशा आणखी दोन गोष्टी प्रत्येकी चार पर्यायांच्या निघाल्या, तर शक्यता चौसष्टात एक!

ही कोंडी फोडण्यासाठी मे २०१० मध्ये एचपी, ज्युनिपर, लॉजिटेक, मायक्रोसॉफ्ट आणि पॉलिकॉम या कंपन्यांनी 'युनिफाइड कम्युनिकेशन्स इंटरऑपरेबिलिटी फोरम' नावाची संघटना स्थापन केली. या संघटनेने शक्यतांच्या रानातून एक पायवाट आखली. पहिली पायरी शून्य क्रमांकाची. तिथे थर मुळीच नाहीत. पुढची पायरी फक्त काळाच्या थरांची. त्यावर गुणवत्तेचे किंवा आकाराचे थर आणि शेवटच्या पायरीवर सर्व प्रकारचे. यामुळे 'तुला काय काय येते' हा लांबलचक प्रश्न 'तू कितव्या पायरीवर आहेस' इतका सोपा झाला. आपण शाळेत इयत्ता ठरवतो, त्याचेही प्रयोजन हेच नाही का?

चालू वर्गातील निरोप

संवाद सुरू झाल्यावरही बोलणी संपत नाहीत. मुलगा टेकाडावरून खाली उतरला, ढग दाटले, घरातल्या दुसऱ्या कोणी चित्रपट लावला, की वाट अरुंद होते. मध्यस्थ लगेच वरचे थर थांबवतो. खाली उतरणे सोपे आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. चढणे तितके सोपे नाही. वर मांडलेल्या नऊ चित्रांत चढायला जागा मिळते, कारण चित्र ५ आले, की ६ आणि ७ यांना त्याहून मागचे काही लागत नाही. परंतु आकाराच्या वरच्या थरातले चित्र त्याच थरातल्या मागच्या चित्रावरही उभे असते. ते मागचे चित्र आपल्याकडे आलेलेच नसेल, तर मध्येच शिरता येत नाही.

अशा वेळी घेणाऱ्याने पाठवणाऱ्याला 'एक नवे चित्र द्या' असा निरोप पाठवायचा असतो. २००६ आणि २००८ मधील दस्तऐवजांनी असे निरोप ठरवून दिले होते. पण २००८ च्या निरोपाचा अर्थ 'सर्व काही पहिल्यापासून पाठवा' असा होता. संपूर्ण चित्राचे ओझे मोठे असते. एका मुलाला एक पायरी चढायची म्हणून साऱ्या वर्गाच्या वाटेवर ते ओझे पडे. 'फक्त अमुक थर नव्याने सुरू करा' असा नेमका निरोप मार्च २०२५ मध्ये आरएफसी ९६२७ म्हणून प्रसिद्ध झाला. सिग्नलिंगची भाषा अशी एकेका शब्दाने समृद्ध होत असते.

बंद पाकीट आणि बाहेरची खूण

आणखी एक गोष्ट नागरिक म्हणून आपल्याला अधिक जवळची आहे. वर्गातली, दवाखान्यातली किंवा घरातली दृश्ये वाटेत कोणी पाहू नयेत म्हणून व्हिडिओची पाकिटे गुप्त लिपीत बंद करतात. त्याची रीत २००४ पासून ठरलेली आहे. या रीतीत पाकिटातला मजकूर झाकला जातो, वरचा पत्ता उघडा राहतो.

आता अडचण लक्षात येईल. एच.२६४ मधली थरांच्या क्रमांकांची पट्टी मजकुराचाच भाग आहे. ती वाचायची, तर मध्यस्थाजवळ किल्ली हवी. आणि किल्ली मिळाली, की तो पट्टीबरोबर चित्रही पाहू शकतो. पोस्टमनला पत्ता कळावा म्हणून पत्र उघडू देण्यासारखेच हे झाले!

उपाय साधा आहे. खूण पाकिटाच्या बाहेर लिहायची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एव्ही१' या नव्या व्हिडिओ पद्धतीसाठी तसेच केले गेले. हे चित्र कोणत्या थरातले आहे आणि कोणत्या मागच्या चित्रांवर उभे आहे, याचे छोटेसे टिपण पाकिटाच्या बाहेरच्या भागात ठेवतात. मध्यस्थाला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने बांधला आहे हेही जाणण्याची गरज उरत नाही. टिपण वाचायचे आणि वर्गवारी करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या आरएफसी ९६०५ ने याच्या जोडीला, मजकुरावर फक्त दोन टोकांनाच उघडता येईल असे कुलूप घालण्याची रीत दिली. कोणती माहिती आत ठेवायची आणि कोणती बाहेर, हा वरवर तांत्रिक वाटणारा निर्णय खासगीपणाचाही निर्णय असतो.

न विचारता जमावे

दरम्यान अनेकांनी थरांना बगल देणारी वाट धरली. शिक्षकांच्या यंत्राने लहान, मध्यम आणि मोठा असे तीन स्वतंत्र व्हिडिओ एकाच वेळी पाठवायचे आणि मध्यस्थाने प्रत्येकाला त्यांतला एक निवडून द्यायचा. याला 'सायमलकास्ट' म्हणतात. यात पाठवणाऱ्याचे ओझे वाढते, कारण एकच दृश्य तीनदा बांधावे लागते. पण कोणताही व्हिडिओ दुसऱ्यावर अवलंबून नसतो. त्यामुळे नाती समजावून सांगण्याची कटकट नाही. या पद्धतीचे सिग्नलिंगही जानेवारी २०२१ मध्ये आरएफसी ८८५३ ने ठरवून दिले. बोलणी सोपी व्हावीत म्हणून लोक जादा बिटांची किंमत मोजायला तयार होतात, यावरून सिग्नलिंगचे महत्त्व लक्षात यावे.

ब्राउझरमधून होणाऱ्या संवादासाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 'वेबआरटीसी' हे मानक जानेवारी २०२१ मध्ये मंजूर केले. त्याच्या जोडीला थरांसाठी जो पुरवणी मसुदा तयार झाला, त्यात या साऱ्या अनुभवाचे सार दिसते. व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींत पाठवणाऱ्याने थर कसेही रचले, तरी ते प्रत्येक उलगडणाऱ्या यंत्राला समजतात. म्हणून 'तुला थर जमतात का' हे आधी विचारण्याची गरजच नाही. पाठवणाऱ्याने फक्त रचना निवडायची. रचनांना सुटसुटीत नावे आहेत. 'एल३टी३' म्हणजे आकाराचे तीन थर आणि काळाचे तीन थर. 'एल१टी२' म्हणजे आकार एकच, काळाचे थर दोन. एच.२६४ मध्ये थर ही ज्याने त्याने शिकायची जादा विद्या होती. इथे ती सर्वांना येणारी बाराखडी झाली. बाराखडी सर्वांना येत असली, की तिच्याबद्दल करार करावे लागत नाहीत.

तरीही सारे झटपट झाले असे समजू नये. व्हीपी९ ही पद्धत २०१३ मधली. ती पाकिटांत कशी भरावी, याचा अधिकृत दस्तऐवज, आरएफसी ९६२८, मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षे! एखादी युक्ती सुचणे हे एका चमूचे काम असते. ती सर्वांनी एकाच अर्थाने समजून घेणे हे साऱ्या जगाचे काम आहे आणि त्याला वेळ लागतोच.

वर्गात करून पाहा

हा विषय संगणकाशिवाय शिकवता येतो. पत्त्यांच्या आकाराची नऊ कार्डे कापा. त्यांवर १ ते ९ क्रमांक घाला आणि प्रत्येकावर ते कोणत्या कार्डावर उभे आहे तेही लिहा, जसे '४, आधार ३'. प्रत्येक कार्ड एका पाकिटात घालून पाकीट बंद करा. एक विद्यार्थी पाठवणारा, एक मध्यस्थ आणि तीन विद्यार्थी घेणारे. पहिल्या घेणाऱ्याला नऊही पाकिटे चालतील, दुसऱ्याला पाच आणि तिसऱ्याला तीनच. मध्यस्थाला पाकिटे उघडण्याची मनाई करा आणि वर्गवारी करायला सांगा. त्याला ते जमणार नाही. तो बहुधा हाताला येतील ती पाकिटे वाटेल. घेणाऱ्यांनी पाकिटे उघडून ज्यांचा आधार मिळाला नाही ती कार्डे बाजूला काढावीत. किती उरली ते मोजा.

आता दुसरी फेरी. पायाच्या थराच्या पाकिटांवर बाहेरून तांबडा ठिपका, दुसऱ्या थरावर निळा आणि तिसऱ्यावर हिरवा ठिपका द्या. ठिपक्यांचा अर्थ सर्वांना आधी सांगा आणि खेळ पुन्हा खेळा. तिसऱ्या फेरीत ठिपके तसेच ठेवा, पण मध्यस्थाला त्यांचा अर्थ सांगू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत पाकिटे तीच होती, खुणाही त्याच होत्या. मग निकाल वेगळा का आला, हे मुलांनाच सांगू द्या.

शेवटी तीन प्रश्न विचारा. चित्र ३ वाटेत हरवले, तर कोणते चित्र बिघडेल? चित्र ५ हरवले, तर किती? आणि पाठवणाऱ्याला काही पाकिटे अधिक जपून, म्हणजे दोनदा पाठवायची मुभा असेल, तर त्याने कोणत्या रंगाची निवडावीत? पहिल्याचे उत्तर एकच चित्र, क्रमांक ४. दुसऱ्याचे ६, ७, ८ आणि ९ अशी चार. या दोन उत्तरांवरून तिसऱ्याचे उत्तर आणि त्याचे कारण विद्यार्थी आपले आपणच शोधून काढतील.